मॅडम, तीस व्हिक्टिम मिळतील का?

जून-जुलै आला की हे मेसेज सुरू होतात. नमस्कार मॅडम, मी अमुक कॉलेजची एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सची, पार्ट टूची विद्यार्थिनी, माझा डिसर्टेशनचा विषय कौटुंबिक हिंसाचार आहे, तुमच्या सेंटरला तीस व्हिक्टिमचे इंटरव्ह्यू मिळतील का, सबमिशन मार्चमध्ये आहे. तीसच का, तर गाईडनी सांगितलंय की त्याच्याखाली सॅम्पल चालत नाही. लॉची मुलं दहा-पंधरावर खूश असतात, सायकॉलॉजीवाल्यांना साठ-सत्तर लागतात कारण त्यांना ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये घालून पी व्हॅल्यू काढायची असते. आपण वाण्याकडे जाऊन पाव किलो शेंगदाणे मागतो तसं ते वाटतं, पण त्यात मुलांचा दोष फार कमी आहे, त्यांना जे शिकवलं त्याच भाषेत ती मागतात. माझं उत्तर ठरलेलं असतं, तीस काय एकही मिळणार नाही, पण तू ये. बऱ्याच जणी पहिलं वाक्य वाचूनच दुसरीकडे मेसेज टाकतात. ज्या येतात त्यांच्याबद्दल, आणि या विषयात कॉलेजच्या मुलामुलींना नक्की काय करण्यासारखं आहे त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी पुण्याच्या बाजूला एका समुपदेशन केंद्रात काम करते. बाई येते, कधी पोलीस स्टेशनवरून पाठवलेली, कधी शेजारणीने आणलेली, कधी नुसतीच दारातून डोकावून "इथे लिहून घेतात का" विचारणारी. आमच्याकडे फील्डवर्कला आलेली मुलगी पहिला महिनाभर बहुतेक वेळ बाहेरच्या बाकावर असते. बाईबरोबर आलेल्या पोराला खेळवणं, आधारकार्डाची झेरॉक्स काढून आणणं, दवाखान्यात सोबत जाणं. एमएसडब्ल्यूला आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क आणि प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग लिहायचं असतं, तर मुली चिडतात, की मॅडम रेकॉर्डिंगमध्ये काय लिहू, झेरॉक्स काढली असं लिहू का. हो, तेच लिही. त्या झेरॉक्सच्या दुकानात जाताना बाई तुझ्याशी काय बोलली ते लिही. आतल्या खोलीत टेबलापलीकडे बसून जे निघत नाही ते रस्ता क्रॉस करताना निघतं, हा माझा अनुभव आहे आणि तो कुठल्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मी वाचलेला नाही.

इंटरव्ह्यू का नाही, हे मात्र पुस्तकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली या विषयावर संशोधन कसं करायचं याची एक छोटी पुस्तिका काढली, आणि तिचा सगळा जीव एका गोष्टीत आहे, बाईची सुरक्षितता आधी आणि तुमचा डेटा नंतर. एका घरात एकाच बाईला विचारायचं. घरातल्या बाकीच्यांना खरा विषय सांगायचा नाही, बायकांच्या आरोग्याची पाहणी आहे असं म्हणायचं. मध्येच कुणी आलं तर विषय बदलायचा, त्यासाठी वेगळे साधे प्रश्न जवळ तयार ठेवायचे. तिला मदत लागली तर कुठे पाठवणार ते आधी ठरवून जायचं. आणि विचारणाऱ्या मुलींचीही काळजी घ्यायची, कारण दिवसभर हे ऐकून त्याही घरीच जातात. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे एनएफएचएसमध्ये, हिंसेचे प्रश्न असेच घराघरातून एका बाईला निवडून, एकांत मिळाला तरच विचारतात.

वाचायला सोपं आहे. आम्ही ट्रेनिंगमध्ये हे करायला लावतो तेव्हा गंमत येते. एक मुलगी इंटरव्ह्यू घेणारी, एक बाई, आणि तिसरीला गुपचूप सांगून ठेवायचं की तू सासू, केव्हाही आत ये. इंटरव्ह्यू रंगात आलेला असतो, बाईच्या ओठावर आलेलं असतं, आणि तिसरी दार ढकलून आत येते, "काय चाललंय गं?" दहातल्या आठ मुली गप्प बसतात आणि कागद पालथा करतात. कागद पालथा केला म्हणजे संपलं, सासूला कळलं. मागच्या वर्षी एक मुलगी होती, बार्शीकडची, तिने मान पण वर केली नाही, त्याच सुरात पुढे विचारत राहिली, "आणि मग गोवराची लस कितव्या महिन्यात दिली? कार्ड आहे का घरात? आजी, तुम्हाला माहितीये का कार्ड कुठे ठेवलंय?" सासू झालेली मुलगी खरोखर कार्ड शोधायला वळली. मी तिला तिथेच सांगितलं की तू पास.

दुसरी गोष्ट, विचारायचं काय. "तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का" असं विचारलं की बाई म्हणते नाही हो, तसं काही नाही, चांगला आहे स्वभावाने. आणि दहा मिनिटांनी दुसऱ्याच गोष्टीत येतं की तेव्हा कानाखाली दिली होती ना, त्यामुळे हा कान जरा कमी ऐकू येतो. म्हणून पाहणीत हिंसा हा शब्द न उच्चारता एकेक कृती विचारतात. ढकललं का, गदागदा हलवलं का, काही फेकून मारलं का. थोबाडीत मारली का. हात पिरगाळला, केस ओढले? बुक्क्या मारल्या? लाथा घातल्या, फरपटत नेलं? गळा आवळायचा किंवा मुद्दाम भाजायचा प्रयत्न केला? चाकू किंवा दुसरं हत्यार दाखवून धमकावलं? मी ही यादी मुलांना मोठ्याने वाचायला सांगते, आवाज सपाट ठेवून, कारण तुमचा आवाज बदलला की बाई तुम्हाला सांभाळायला लागते, जाऊ दे ताई तू नको मनाला लावून घेऊस. काही मुलींना पहिल्यांदा वाचताना पाचव्या ओळीला थांबावं लागतं, आणि का थांबल्या हे मी विचारत नाही.

आता आकडे. २०१९ ते २१ या काळातल्या एनएफएचएस-५ मध्ये १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या किंवा कधीतरी झालेल्या बायकांपैकी देशात २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हा आकडा २५.२, आणि त्याच्या आधीच्या फेरीत तो २१.३ होता. हे टेबल मी मुलांसमोर ठेवते आणि विचारते, महाराष्ट्रात मारझोड वाढली का? सगळे हो म्हणतात. मग कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं, किंवा बायका जास्त सांगायला लागल्या असतील. बरोबर, आणि हे दोन्ही एकत्र पण होऊ शकतं, नुसत्या या टेबलावरून ठरवता येत नाही, आणि ज्याला हे पटलं त्याचं अर्धं रिसर्च शिकून झालं असं मला वाटतं. पण मला त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा जास्त छळतो. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली, आणि ७७ टक्के बायकांनी मदत तर नाहीच मागितली, कुणाला सांगितलं पण नाही. म्हणजे आईला नाही, बहिणीला नाही. आता तुम्ही तुमचा तीसचा कोटा घेऊन वस्तीत गेलात तर पुष्कळ वेळा असं होणार की ती आयुष्यात पहिल्यांदा जिला सांगतीये ती तुम्ही आहात, वय वर्षं बावीस, हातात मोबाईलचं रेकॉर्डर, साडेचारची परतीची एसटी. पुढे काय करणार?

पुढे काय करायचं याची उत्तरं शोधणारी कामं महाराष्ट्रात विद्यापीठांच्या आसपासच उभी राहिलीत, हे मुलांना फारसं माहीत नसतं. टाटा इन्स्टिट्यूटने, म्हणजे टिसने, १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व बाल सहाय्य कक्ष सुरू केला, आपण ज्याला स्पेशल सेल म्हणतो तो. कल्पना साधी होती पण तेव्हा कुणाला सुचलेली नव्हती, बाई मदतीला जाते पोलीस ठाण्यात, तर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिथेच बसवा. नंतर तो राज्यभर जिल्ह्यांत गेला. २००० साली मुंबईत सेहत या संशोधन संस्थेने आणि महापालिकेने वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये दिलासा नावाचं केंद्र सुरू केलं, त्यामागे तर अजून साधं निरीक्षण आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, पण कॅज्युअल्टीत येते, आणि सांगते की मोरीत पाय घसरला. डॉक्टर टाके घालतो, लिहितो घसरून पडली, पुढची पेशंट. त्या "घसरून पडली"च्या पलीकडे विचारायला डॉक्टर-नर्सना शिकवणं आणि हॉस्पिटलातच बोलायला खोली ठेवणं, एवढंच. हे दोन्ही प्रयोग मला एमएसडब्ल्यूला असताना दोन मार्कांच्या टिपेत होते. आता वाटतं अख्खा पेपर यावर असायला हवा होता.

तर मग मुली आमच्याकडे येऊन डिसर्टेशन कशावर करतात? फायलींवर. वर्षानुवर्षांच्या केस फायली कपाटात पडून असतात, नाव-गाव काढून टाकून त्या वाचता येतात, आमच्या समितीची परवानगी घेऊन. कुणालाही पुन्हा रडवावं लागत नाही. एका मुलीने अशा फायलींवरून टेबल केलं होतं, मारहाणीचं कारण, आणि खाली दारू, संशय, हुंडा, जेवण, मूल नाही, मुलगी झाली. आमचा नियम आहे की जे काही लिहाल ते आधी बायकांच्या मासिक मीटिंगमध्ये वाचून दाखवायचं. तिने दाखवलं. एक बाई, वय साठीच्या आसपास, म्हणाली, हे कारण कोणी सांगितलं? मुलगी म्हणाली फायलीत आहे. "फायलीत आहे म्हंजी त्यानंच सांगितलं आसल. माझ्यात मीठ जास्त पडलं म्हून मारलं, दुसऱ्या दिवशी कमी टाकलं तर कमी पडलं म्हून." सगळ्या हसल्या. मुलीने घरी जाऊन सगळ्या फायली परत उघडल्या आणि कॉलमचे दोन कॉलम केले, नवरा काय म्हणतो आणि त्याच्या आधी घरात काय घडलेलं असतं. दुसऱ्या कॉलममध्ये वेगळंच निघालं, तिने नोकरी धरली, तिने माहेरी फोन केला, तिने पगार स्वतःकडे ठेवला. गाईडना ते टेबल पटलं नाही, म्हणाले सबजेक्टिव्ह आहे. व्हायवात मात्र बाहेरच्या परीक्षक बाईंनी बराच वेळ त्यावरच विचारलं.

लॉच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना कोर्ट पाहिजे असतं, आणि आम्ही त्यांना देतो घटनाक्रम. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने भरायचा एक फॉर्म आहे, घरेलू घटना अहवाल, सगळे डीआयआरच म्हणतात. त्यात कधी, कुठे, काय घडलं ते लिहायचं असतं. तारीख. आता तारीख कुठल्या बाईला आठवते? तिला आठवतं की नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मी पुरणाची डाळ शिजत घातली होती. तिला आठवतं की पोराचं जावळ काढायचं ठरलं होतं त्याच्या आधीचा रविवार, दीराच्या लग्नाची हळद, पोटुशी होते पाचवा चालू होता. एक मुलगा आला होता, शेवटच्या वर्षाचा, गप्प गप्प असायचा. त्याने घरून जुनी कालनिर्णय आणली, त्याची आजी मागच्या बाजूला दुधाचा हिशोब लिहायची म्हणून सगळी वर्षं जपून ठेवलेली होती. मग हा आणि बाई दोघं टेबलावर कॅलेंडर पसरून बसायचे, ही नागपंचमी का ती, त्या वर्षी अधिक महिना होता का, जावळ काढलं तेव्हा पोरगं किती महिन्यांचं. दोन तास. शेवटी एक पान तयार झालं, अकरा घटना, प्रत्येकीपुढे तारीख नाहीतर निदान आठवडा, दवाखान्याचा कागद कुठला आहे, बघणारं कोण होतं. त्या बाईच्या वकीलबाई तो कागद बघून म्हणाल्या, हे कुणी केलं, माझ्या ज्युनियरला पाठवा शिकायला.

लॉच्या मुलांना मी अजून एक वाचायला सांगते, जे त्यांनी आधीच वाचलेलं असतं. १९८४ चा सारडा निकाल. देशातला प्रत्येक लॉचा विद्यार्थी तो पाठ करतो, परिस्थितिजन्य पुराव्याचं पंचशील म्हणून, पाच कसोट्या, परीक्षेत हमखास. पुण्यातली १९८२ ची केस. मंजुश्री सारडा, लग्नाला काही महिने झालेले, विषबाधेने मृत्यू. खालच्या कोर्टात आणि हायकोर्टात नवऱ्याला फाशी, सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, पुरावा साखळीसारखा पूर्ण नाही म्हणून, आणि ते तत्त्व बरोबरच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्या निकालात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांचीही चर्चा आहे. मी विचारते, पत्रांचं काय आठवतं? कलम बत्तीस, म्हणजे तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं मेलेल्या माणसाच्या म्हणण्याचं कलम, असं उत्तर येतं. पत्रात काय होतं? शांतता. तेव्हा पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी "मी एक मंजुश्री" नावाचं पोस्टर प्रदर्शन केलं होतं, त्यातून नारी समता मंचाचं काम पुढे वाढलं. मुलं सांगतात की मॅडम हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. एकाच केसमधून वकील पंचशील शिकले आणि रस्त्यावरच्या बायका वेगळंच काही शिकल्या, आणि लॉ कॉलेजात फक्त पहिलं पोचलं.

कोर्टातलं करण्यासारखं अजून पुष्कळ आहे आणि त्याला कुणालाही भेटावं लागत नाही. कायदा म्हणतो अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावा, आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा. कोर्टाच्या वेबसाइटवर केसच्या तारखा बघता येतात. एका तालुक्याच्या कोर्टातले एका वर्षाचे अर्ज घ्या, तारखा मोजा, किती वेळा समन्स बजावलं नाही म्हणून पुढे गेलं ते लिहा. दहा रुपयांत माहितीचा अर्ज करून विचारा, तुमच्या जिल्ह्यात संरक्षण अधिकारी किती, पूर्ण वेळ किती, आणि दुसऱ्या खात्याचा चार्ज सांभाळून हे करणारे किती. असलं काम मुलांना कंटाळवाणं वाटतं. पण जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये कलेक्टरसमोर ठेवायला आम्हाला तोच कागद लागतो, रडणाऱ्या बाईच्या गोष्टीने तिथे दोन मिनिटं हळहळ होते आणि मग चहा येतो.

मुलगे येतात का असं सगळे विचारतात. येतात, थोडे. १९९१ मध्ये मुंबईत सी. वाय. गोपीनाथ नावाच्या पत्रकाराने पेपरमध्ये जाहिरात दिली होती, बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत अशा अर्थाची, आणि दोनशेच्या वर पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये मावा, म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज, ही संस्था झाली. हरीश सदानी आणि त्यांचे लोक गेली कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधून पोरांशी बोलतायत, युवा मैत्री म्हणून उपक्रम आहे, नाटकं, शिबिरं, एकमेकांना शिकवणारी मुलं. आमच्याकडच्या मुलांना मी नवऱ्यांच्या बाकावर बसवते. जोडप्याची मीटिंग असते त्या दिवशी नवरे बाहेर बसतात, तंबाखू मळत, आणि शेजारी एक तरुण मुलगा दिसला की आपोआप बोलायला लागतात, तुमचं लग्न झालं का, नका करू, या बायकांच्या संस्था घरं मोडतात. मुलाने फक्त ऐकायचं, हो ला हो करायचं नाही, आणि वाद घालायचा नाही. हे फार अवघड आहे. एक मुलगा मला म्हणाला, मॅडम त्या माणसाचं बोलणं ऐकताना मला आमच्या घरातला आवाज आला, आमचे पप्पा मारत नाहीत पण वाक्य तीच. त्याने त्याचा पेपर नवऱ्यांच्या बोलण्यावरच केला.

आता जरा तक्रार. संधी आहेत म्हणायचं, पण कुणाला? बहुतेक इंटर्नशिपला पैसे नसतात. मुंबईत दोन महिने बिनपगारी राहायचं म्हणजे ज्याच्या मामाचं घर ठाण्यात आहे त्यानेच राहायचं. फॉर्म इंग्रजीत, स्टेटमेंट ऑफ पर्पज इंग्रजीत, आणि काम सगळं मराठीत नाहीतर हिंदीत. आमची एक मुलगी एका मोठ्या प्रोजेक्टवर गेली होती, सगळ्या मुलाखती तिने घेतल्या, रात्र रात्र बसून उतरवल्या, भाषांतर केलं, कुठली शिवी कुठल्या अर्थाने आहे हे फोनवर समजावून सांगितलं. पेपर छापून आला तेव्हा तिचं नाव आभाराच्या ओळीत होतं, तेही स्पेलिंग चुकीचं. संस्थेचं नाव घेत नाही, अशी एकच आहे असंही नाही. मी मुलींना आता सांगते की सुरुवातीलाच विचारा, ईमेलवर विचारा, लेखकांत नाव येणार का. भांडखोर म्हणतील, म्हणू देत.

आणि नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून वेगळीच गर्दी सुरू झालीये. फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, कम्युनिटी एंगेजमेंट, सगळ्याला क्रेडिट, क्रेडिटला तास, तासाला सही-शिक्का. कॉलेजं एकदम चाळीस मुलांची यादी पाठवतात. चाळीस मुलं समुपदेशन केंद्राच्या दारात उभी राहिली तर बाई आत येईल का, एवढा विचार कुणी केलेला नसतो. पण मी याला सरसकट नावं ठेवणार नाही, कारण याच सक्तीमुळे कॉमर्सची, बीसीएची मुलं पण यायला लागलीत, आणि बीसीएच्या दोन मुलींनी आमच्या फायलींची अनुक्रमणिका अशी लावून दिली की गेल्या वीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. एकीने तर आमच्या सगळ्यांचे पासवर्ड बघून कपाळाला हात लावला.

जनजागृतीचं म्हणाल तर पंचवीस नोव्हेंबर ते दहा डिसेंबर सोळा दिवस मोहीम असते, कॉलेजात पोस्टर स्पर्धा होते, आणि दरवर्षी तेच चित्र, डोळा काळानिळा झालेली बाई, तोंडावर हात, मागे अंधार. मला या चित्राचा कंटाळा आलाय. अशी दिसणारी बाई आमच्याकडे क्वचित येते, जास्त करून येते ती नीट केस विंचरून, पर्स घेऊन, आणि म्हणते मैत्रिणीसाठी विचारायचं होतं. एका ग्रुपने मात्र पोस्टर केलंच नाही. त्यांनी लहान स्टिकर छापले, महिला हेल्पलाईनचा १८१ नंबर आणि खाली एक ओळ, आणि ते सरकारी दवाखान्यातल्या, एसटी स्टँडवरच्या लेडीज टॉयलेटच्या दारांना आतल्या बाजूने लावले. कारण तिथे नवरा आत येत नाही. परवानगीसाठी महिनाभर फेऱ्या मारल्या त्यांनी. आगारातले साहेब म्हणाले होते, टॉयलेटला कशाला, चौकशीच्या खिडकीजवळ लावा की, सगळ्यांना दिसेल!

सध्या माझ्या डोक्यात जे चाललंय ते मात्र या सगळ्याच्या बाहेरचं आहे, मुलींच्या स्वतःच्या आयुष्यातलं. फील्डवर्कला आलेल्या मुली बायकांच्या फायली वाचतात आणि मग दुपारी डबा खाताना एखादी म्हणते, लाईव्ह लोकेशन मागणं यात येतं का? म्हणजे माझ्या रूममेटचा आहे ना, तो दर तासाला व्हिडिओ कॉल करून खोली दाखव म्हणतो. इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडेच आहे. ब्रेकअप म्हणलं की हाताची नस कापलेला फोटो पाठवतो. एकदा पार्किंगमध्ये हात धरून ओढलं, निळं झालं होतं. याला कुठला कायदा? २००५ चा कायदा लग्नाच्या पलीकडे लग्नासारख्या नात्यालाही धरतो, पण एका घरात राहिलेले असायला हवेत, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अधूनमधून भेटणं म्हणजे लग्नासारखं नातं नाही. कॉलेजच्या अंतर्गत समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतात, पण ती समिती लैंगिक छळासाठी, आणि तक्रार केली तर आधी घरी कळणार ही भीती, घरी कळलं की कॉलेजच बंद. पोलिसांत पाठलागाचा गुन्हा लागू शकतो, पण कोण जातंय. आणि एनएफएचएसमधला नवऱ्याच्या हिंसेचा तो सगळा भाग लग्न झालेल्या बायकांचा, त्यामुळे त्या २५.२ मध्ये या मुली नाहीतच.

तर यंदा तिघी-चौघींनी हाच विषय घेतलाय, स्वतःच्याच कॉलेजात. नाव न लिहिता भरायचा कागद, मोबाईलवर लिंक नाही, कारण मोबाईल तो बघतो. प्रश्न त्यांनी स्वतः तयार केले, ती ढकललं का, हात पिरगाळला का वाली यादी ठेवली आणि खाली त्यांची भर, लोकेशन, पासवर्ड, स्क्रीनशॉट दाखवायची धमकी, माझ्यासाठी कॉलेज बदल, हा ड्रेस का घातला. मुलग्यांनाही तोच कागद, आणि त्यांना दोन्ही बाजू विचारायच्या, तुझ्याशी कुणी केलं का आणि तू कुणाशी केलंस का. यावर त्यांच्यात आठवडाभर भांडण झालं, की दुसऱ्या प्रश्नाला कोण खरं लिहिणार. शेवटी ठेवायचा ठरला. कागदाच्या शेवटी फाडून नेता येईल अशी पट्टी आहे, तिच्यावर मदतीचे नंबर, आणि वर मोठ्या अक्षरात लायब्ररीच्या वेळा, म्हणजे खिशात सापडली तरी चालेल.

प्रिन्सिपॉल म्हणतात पालकांची परवानगी आणा. मुलींनी सांगितलं सर सगळे अठराच्या वरचे आहेत, मत देतात. सर म्हणाले मत देणं वेगळं. मग म्हणाले कॉलेजचं नाव रिपोर्टमध्ये नको, ते मुलींनी आधीच काढलेलं होतं. मग म्हणाले आधी मुलांचे कागद मी बघेन, तिथे मुली उठून आल्या. सोमवारी परत भेटायचं ठरलंय, मी सोबत जाणार आहे, आणि विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातल्या एक मॅडमही येतो म्हणाल्यात. भरलेले कागद सीलबंद पेटीत, पेटी आमच्या केंद्रात, यावर सर तयार झाले तर दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या वर्गात कागद भरून होतील. नाही झाले तर शेजारच्या कॉलेजच्या बाई तयार आहेत, त्यांचा फोन परवाच येऊन गेला.